सोयाबीनचा वाण आणि रोगप्रतिकार: बॅगेवरचा शब्द क्विंटलमध्ये कसा मोजायचा

मे महिन्यात कृषी सेवा केंद्रात उभं राहून विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: "एकरी किती निघतं?" उत्तरही ठरलेलं, दहा-बारा-पंधरा क्विंटल. त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही: गेल्या तीन-चार वर्षांत माझ्या शेतातलं सोयाबीन नेमकं कशानं गेलं? रोगप्रतिकारक वाण घेण्यात फायदा आहे की तोटा, हे त्या उत्तरावर अवलंबून आहे. प्रतिकारक जनुक उत्पादन वाढवत नाही. ते फक्त एका ठरावीक रोगानं होणारी घट अडवतं. तो रोग तुमच्या शिवारात येतच नसेल, तर त्या जनुकासाठी घेतलेला वाण एखाद्या वेळी दोन पैसे कमीच देईल.

हा लेख त्या हिशेबाचा आहे. रोग ओळखणं, वाण निवडणं, आणि निवडलेल्या वाणाचा प्रतिकार आपल्याच शेतात मोजून बघणं, या क्रमानं जाऊ.

रोग उत्पादनाचा कोणता भाग खातो

सोयाबीनचं एकरी उत्पादन म्हणजे चार आकड्यांचा गुणाकार: जगलेली झाडं, झाडाला शेंगा, शेंगेत दाणे आणि दाण्याचं वजन. उदाहरणादाखल एकरात १ लाख २० हजार झाडं, झाडाला २५ शेंगा, शेंगेत सरासरी २.२ दाणे आणि १०० दाण्यांचं वजन ११ ग्रॅम धरा. गुणाकार येतो ७२६ किलो, म्हणजे सव्वासात क्विंटलच्या आसपास. (४५ × ५ सेंमीवर एकही झाड न मरता उभं राहिलं तर एकरात १ लाख ८० हजार झाडं बसतात, शेवटपर्यंत एवढी टिकत नाहीत.)

आता रोग घाला. तांबेरा हा पानावरचा बुरशीचा रोग दाणे भरायच्या वेळी पानं गाळतो. झाडं तेवढीच राहतात, शेंगाही तेवढ्याच दिसतात, पण दाणा भरत नाही. १०० दाण्यांचं वजन ११ वरून ८ ग्रॅमवर आलं तर ७२६ चे ५२८ किलो होतात. पिवळा मोझॅक फुलोऱ्याआधी आला तर तो शेंगांची संख्या कापतो. २५ च्या १२ झाल्या की राहतात साडेतीन क्विंटल. मूळकूज थेट झाडंच मारते. ३० टक्के झाडं गेली तर ५०८ किलो. झाडं लहानपणी मेली तर शेजारची पसरून थोडी भरपाई करतात, दाणे भरताना मेली तर काहीच करत नाहीत.

म्हणून मळणीनंतर १०० दाणे मोजून वजन करायची सवय लावा. दाण्याचं वजन नेहमीचं आणि उत्पादन कमी आलं, तर दोष तांबेऱ्याला देऊन उपयोग नाही.

पहिली पायरी: रोगाचं नाव पक्कं करा

वाण निवडण्यात होणाऱ्या चुका बहुतेक इथेच होतात. "शेत पिवळं पडलं" याचे चार वेगळे अर्थ असू शकतात.

पिवळा मोझॅक हा विषाणू पांढरी माशी पसरवते. त्यात पानावर गडद पिवळे आणि हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले दिसतात, शिरांच्या कडेनं सुरुवात होते, आणि शेतात आधी इथे एक, तिथे एक अशी झाडं पिवळी पडतात. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहून मधला भाग एकसारखा पिवळा होतो, आणि तो पट्टा चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या जागीच असतो. खोडमाशी लागलेलं झाड पिवळं-मलूल दिसतं. खोड उभं चिरलं की आत लालसर-तपकिरी नागमोडी बोगदा सापडतो. चक्रीभुंग्यात देठावर किंवा फांदीवर दोन समांतर खाचा असतात. यातल्या फक्त पहिल्या प्रकारात मोझॅक-प्रतिकारक वाण कामाला येतो. बाकीच्या तिन्हींत त्याचा उपयोग शून्य.

तांबेऱ्यासाठी खालची पानं उलटी करून दहापट भिंगातून बघा. बारीक फोड, ज्वालामुखीच्या तोंडासारखे उघडलेले, आणि बोट घासलं तर तपकिरी भुकटी. जीवाणूजन्य पुरळही पानाच्या खालीच फोड आणतो, पण त्याला भुकटी नसते आणि ठिपक्याभोवती बहुधा पिवळी कड असते. हा फरक न कळल्यानं तांबेऱ्याचं बुरशीनाशक जीवाणूवर मारलं जातं.

मूळकूज, म्हणजे मॅक्रोफोमिना बुरशीची कोळशासारखी कूज, चांगल्या पावसात दडून राहते आणि ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात वर येते. पानं वाळूनही झाडालाच लटकून राहतात. झाड उपटा, बुडखा नखानं खरवडा: साल सहज निघते आणि आत राखाडी भागावर काळी मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसले तर ती मानकूज, वेगळी बुरशी. तिच्याविरुद्ध वाणाचा भक्कम आधार नाही, निचरा आणि बीजप्रक्रिया एवढंच हाती आहे.

या तीन प्रमुख रोगांचा भूगोलही ठरलेला आहे. तांबेरा हा सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या बेळगाव-धारवाड पट्ट्याचा रोग. कृष्णाकाठी त्याला हवं ते सगळं मिळतं: १८ ते २६ अंश तापमान आणि पान सलग सहा ते बारा तास ओलं. कृष्णेवरचं उगार खुर्द म्हणूनच देशभरातले सोयाबीन वाण तांबेऱ्यासाठी तपासायचं ठिकाण बनलं. विदर्भ-मराठवाड्यात पिवळा मोझॅक आणि मूळकूज ही खरी दुखणी. २०२३ च्या ऑगस्टात पाऊस जवळजवळ गायब झाला, सप्टेंबरात तो परतला, आणि पूर्व विदर्भात शेतंच्या शेतं पिवळी पडली. तिथे मोझॅक आणि कूज एकाच शेतात होते. एकाच नावानं पंचनामा झाला, तरी पुढच्या वर्षीच्या वाण निवडीसाठी ती दोन वेगळी कारणं होती.

मागच्या तीन हंगामांचं टिपण काढा: कोणत्या महिन्यात, शेताच्या कोणत्या भागात, कोणतं लक्षण, किती क्विंटल. आठवणीवर विसंबू नका, मळणीची पावती आणि मोबाइलमधले फोटो बघा.

दुसरी पायरी: कोणत्या रोगाला कोणतं जनुक, आणि ते किती टिकाऊ

आधी एक गैरसमज बाजूला करू. भारतात जनुकीय सुधारित सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. इथले सगळे प्रतिकारक वाण साध्या संकरातून आणि निवडीतून आलेले आहेत. प्रतिकार असलेला, पण उत्पादनाला बेताचा वाण एकीकडे आणि चांगलं उत्पादन देणारा वाण दुसरीकडे, त्यांचा संकर, आणि मग आठ-दहा पिढ्या निवड. जनुकासोबत त्या मूळ वाणाचे नको असलेले गुणही ओढत येतात: बारीक दाणा, शेंगा फुटणं, उशिरा पक्वता. पैदासकाराचा बराच वेळ हे ओझं झाडण्यात जातो. पूर्ण झाडलं गेलं नाही, तर रोग नसलेल्या वर्षी असा वाण थोडा मागे पडतो.

तांबेऱ्याविरुद्ध एकेरी मोठी जनुकं आहेत. आरपीपी-१ ते आरपीपी-७ अशी त्यांची नावं, आणि त्यातल्या आरपीपी-३ चा मूळ स्रोत 'अंकुर' हा जुना भारतीय वाण आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. असं जनुक म्हणजे पानाच्या पेशीतला पहारेकरी. बुरशीचा एक विशिष्ट प्रथिन-रेणू त्यानं ओळखला की ती पेशी स्वतःला मारून घेते आणि बुरशी त्या ठिपक्यातच अडकते. शेतात हे स्पष्ट दिसतं: बळी पडणाऱ्या वाणावर फिकट तपकिरी ठिपके आणि भरपूर भुकटी, तर प्रतिकारक वाणावर लालसर-काळपट छोटे ठिपके आणि भुकटी नाममात्र. ठिपका दिसला म्हणजे वाण फसला असं समजून पंप पाठीवर घेऊ नका. आधी बोट घासा.

आपल्या भागातलं काम ईसी २४१७७८ आणि ईसी २४१७८० या परदेशी आणलेल्या प्रतिकारक वाणांवर उभं आहे. धारवाडचा डीएसबी २१ हा जेएस ३३५ हा जुना वाण आणि ईसी २४१७७८ यांच्या संकरातून आला. राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रानं केडीएस मालिका दिली: केडीएस ३४४ म्हणजे फुले अग्रणी, केडीएस ७२६ म्हणजे फुले संगम, केडीएस ७५३ म्हणजे फुले किमया. सांगली-कोल्हापुरात तांबेऱ्याच्या वर्षीही पीक उभं राहतं ते या वाणांच्या जोरावर.

एकेरी जनुकाचा धोका हा की बुरशीनं तो एक रेणू बदलला की पहारेकरी आंधळा. ब्राझीलमध्ये २००१ च्या सुमारास तांबेरा पोहोचला आणि आरपीपी-१ व आरपीपी-३ काही वर्षांतच निष्प्रभ ठरली. त्यांनी पुढे दरवर्षी ६० ते ९० दिवस शेतात एकही जिवंत सोयाबीन झाड नको असा कायदाच केला. आपल्याकडे उलट चाललं आहे. बियाण्यासाठी कृष्णाकाठी उन्हाळी सोयाबीन वाढतं आहे, आणि तांबेऱ्याची बुरशी जिवंत हिरव्या पानावरच टिकते. उन्हाळी प्लॉट घ्यायचाच असेल तर काढणीनंतर बांधावरची आणि उसातली उगवलेली सोयाबीनची रोपं जूनच्या आधी नष्ट करा.

पिवळ्या मोझॅकची कथा वेगळी. अनेक स्रोतांत त्याचा प्रतिकार अप्रभावी जनुकांतून येतो, म्हणजे आई-बाप दोन्हीकडून आला तरच दिसतो, त्यामुळे पैदास अवघड. शिवाय विषाणू एक नाही. उत्तर-मध्य भारतात त्याचा एक प्रकार जास्त, दक्षिण-पश्चिमेत दुसरा. पंजाबात ठणठणीत राहिलेला वाण नांदेडात चट्टे दाखवू शकतो. जबलपूरच्या जेएस २०-२९, जेएस २०-६९ आणि जेएस २०-९८ या वाणांत मोझॅकला आणि कोळशी कुजीला दोन्हींना चांगला प्रतिकार आहे. मध्य भारतासाठी म्हणून त्यांची नावं आधी घ्यावीत.

मूळकुजीला असं एकही मोठं जनुक नाही. अनेक लहान जनुकांचा मिळून अर्धामुर्धा प्रतिकार, आणि तोही झाडाच्या पाणी धरून ठेवायच्या ताकदीला जोडलेला. म्हणून वाणाच्या माहितीत 'मूळकूज प्रतिकारक' वाचलं तरी त्याचा अर्थ 'कमी झाडं मरतात' एवढाच घ्या. या बुरशीची पाचशेहून अधिक यजमान पिकं आहेत, म्हणजे ज्यांवर ती जगू शकते अशी. सोयाबीननंतर हरभरा ही आपली लाडकी फेरपालट, आणि हरभऱ्याची कोरडी मूळकूज याच बुरशीची. कागदावर पीक बदललं, जमिनीतल्या बुरशीला जेवण तेच. दर तिसऱ्या वर्षी त्या शेतात गहू घेणं बरं. तोही तिचा यजमान आहे, पण शेंगवर्गीय पिकाइतका नाही.

याउलट जीवाणूजन्य पुरळ. त्याविरुद्धचं एकच अप्रभावी जनुक अमेरिकेतल्या सीएनएस या वाणातून आलं आणि दशकानुदशकं टिकून आहे. १९९४ साली प्रसारित झालेला जेएस ३३५ पुरळाला प्रतिकारक आहे, पण तांबेरा, मोझॅक आणि कोळशी कूज या तिन्हींना बळी पडतो. जेएस ३३५ थकला असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. वाण तोच राहिला, त्याच्याभोवतीचे रोग बदलले.

एकाच जनुकावर सगळा देश विसंबला की काय होतं याचा धडा अमेरिकेतून घ्यावा. तिथे मुळांवर पुटी करणाऱ्या सूत्रकृमीविरुद्ध (डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा) जवळजवळ सगळे वाण पीआय ८८७८८ या एकाच स्रोतातला प्रतिकार वापरत आले. त्या स्रोतात आरएचजी-१ नावाचा डीएनएचा तुकडा एकदा नव्हे, नऊ-दहा वेळा लागोपाठ आहे, आणि त्याच्या प्रती जितक्या जास्त, तितका प्रतिकार जास्त. दोन-तीन दशकं सलग तोच वापरल्यावर त्यावर पोसणाऱ्या सूत्रकृमी वाढल्या आणि वाण 'प्रतिकारक' असूनही उत्पादन घसरू लागलं.

तिसरी पायरी: बॅगेवरचा शब्द वाचा

'प्रतिकारक', 'मध्यम प्रतिकारक', 'सहनशील' हे तीन शब्द दुकानात एकाच अर्थानं वापरले जातात. प्रतिकारक वाणावर रोग वाढतच नाही. मध्यम प्रतिकारकावर वाढतो, पण हळू. तीव्र वर्षी एक फवारणी लागेल. सहनशील वाणावर रोग भरपूर दिसतो, उत्पादन मात्र त्या मानानं कमी घटतं. सहनशील वाणाचा एक तोटा असा की तो रोगाचं बीज शेजाऱ्याला पुरवत राहतो.

चौथा प्रकार शब्दात सांगितला जात नाही: सुटका. जेएस ९५-६० सारखा ८५ दिवसांच्या आसपासचा वाण शेवटच्या खंडातून आणि उशिरा येणाऱ्या रोगातून निसटतो. त्याच्यात प्रतिकार नाही. मोझॅक लवकर आला तर तो मार खातो.

मग वाण कोणत्या विभागासाठी अधिसूचित आहे ते बघा. राष्ट्रीय यंत्रणेत विदर्भ आणि मराठवाडा मध्य विभागात येतात, दक्षिण महाराष्ट्र दक्षिण विभागात. रोगाची चाचणी त्या त्या विभागात होते. दक्षिण विभागासाठी दिलेल्या वाणाचा तांबेऱ्याचा प्रतिकार पक्का असेल, पण वाशिमच्या हलक्या जमिनीत सप्टेंबरच्या खंडाला तो किती टिकेल हे त्या चाचणीत तपासलेलं नसतं. फुले संगम शंभर-एकशे पाच दिवसांचा, दाट वाढणारा वाण. भारी जमिनीत आणि हातात एक संरक्षित पाणी असेल तर मराठवाड्यातही तो उत्तम येतो. मुरमाड जमिनीत पाऊस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात थांबला, तर तांबेऱ्याचं जनुक असूनही दाणा पोचट राहतो.

सगळं शेत एका वाणाखाली घालू नका. पाच एकर असेल तर तीन एकर मुख्य वाण, दीड एकर वेगळ्या कालावधीचा दुसरा, आणि अर्धा एकर चाचणीला.

बियाण्याबाबत एवढंच. सोयाबीन स्वपरागीत आहे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे प्रमाणित बियाण्यापासून घरचं बियाणं तीन वर्षं वापरलं तरी जनुक हरवत नाही. हरवते शुद्धता: मळणी यंत्रात, खळ्यावर, पोत्यात. फुलोऱ्यात फुलाचा रंग, पक्वतेला शेंगेवरची लव बघून वेगळी झाडं उपटा. जेएस ३३५ ची फुलं जांभळी, शेंग बिनलवेची, दाण्याची नाभी काळी. आपल्या वाणाची हीच तीन लक्षणं माहितीपत्रकातून लिहून ठेवा. पाच टक्के भेसळ असली तर तांबेऱ्याच्या वर्षी प्रतिकारक प्लॉटमध्ये मधूनमधून पिवळी झाडं दिसतात आणि वाणावर खापर फुटतं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण तपासा. ७० च्या खाली असेल तर ते बियाणं टाळा.

चौथी पायरी: आपल्या शेतात चाचणी पट्टे

इथे थोडी मेहनत आहे, पण एका हंगामात जे कळतं ते दहा दुकानदारांकडून कळत नाही.

दोन वाण घ्या: एक नेहमीचा, रोगाला बळी पडणारा, दुसरा प्रतिकारक. एकाच दिवशी, एकाच जमिनीत, एकाच बीजप्रक्रियेनं पेरा. बीजप्रक्रियेचा क्रम बुरशीनाशक, कीटकनाशक, मग जीवाणू: कार्बोक्सिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के ३ ग्रॅम प्रतिकिलो, त्यावर थायोमेथोक्झाम ३० टक्के एफएस १० मिली प्रतिकिलो, सावलीत सुकवून पेरणीआधी रायझोबियम. एका वाणाला प्रक्रिया आणि दुसऱ्याला नाही, असं झालं तर चाचणी तिथेच संपली.

प्रत्येक पट्टा १२ ओळींचा, ४५ सेंमी अंतरावर, ४० मीटर लांब. वाण आलटून पालटून दोनदा: अ, ब, अ, ब. म्हणजे चार पट्टे, साधारण साडेआठ गुंठे. सगळा 'अ' एका बाजूला आणि सगळा 'ब' दुसऱ्या बाजूला पेरू नका. जमिनीचा फरक वाणाच्या नावावर चढतो. मग प्रत्येक पट्टा लांबीत दोन भागांत तोडा, मध्ये ५ मीटर मोकळी पट्टी मोजणीतून वगळायची. एका अर्ध्या भागात रोगासाठी फवारणी, दुसऱ्यात नाही. आंतरमशागत, तणनाशक, अळीची फवारणी दोन्हीकडे सारखी.

तांबेऱ्याच्या पट्ट्यात फवारणी म्हणजे हेक्झाकोनॅझोल ५ टक्के ईसी किंवा प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी, १ मिली प्रतिलिटर, पहिला फोड दिसताच आणि गरज असल्यास १५ दिवसांनी पुन्हा. पाणी एकरी २०० लिटर, झाडाच्या खालच्या पानापर्यंत पोहोचलं पाहिजे. मोझॅकच्या भागात पांढरी माशी लक्ष्य: थायोमेथोक्झाम अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रीनचं तयार मिश्रण एकरी ५० मिली, आणि पहिली रोगट झाडं दिसताच उपटून पुरायची. मूळकुजीत पिकावर फवारून हाती काही लागत नाही, म्हणून तिथे अर्धा भाग बीजप्रक्रियेसह आणि अर्धा बिनप्रक्रियेचा ठेवा.

नोंदी ४५, ६०, ७५ आणि ८५ व्या दिवशी. तांबेऱ्यासाठी प्रत्येक भागात दहा झाडं, प्रत्येकाचं एक खालचं, एक मधलं, एक वरचं पान. परभणीत रूढ झालेली मायी-दातार मोजपट्टी वापरा: रोग नाही तर ०, पानाचा १ टक्क्याहून कमी भाग तर १, १ ते १० टक्के ३, ११ ते २५ टक्के ५, २६ ते ५० टक्के ७, त्यापुढे ९. मोझॅकसाठी शंभर झाडांपैकी किती रोगट एवढं मोजा. मूळकुजीसाठी पंचविसाव्या दिवशी ठरलेल्या ओळीतली झाडं मोजून खुंटी ठोका, ऐंशीव्या दिवशी तीच पुन्हा मोजा.

काढणीला प्रत्येक अर्ध्या भागात मधल्या चार ओळी, ५ मीटर लांब, अशा तीन जागा कापा. चार ओळी गुणिले ४५ सेंमी गुणिले ५ मीटर म्हणजे ९ चौरस मीटर. त्यातून मिळालेले किलो गुणिले ४५० म्हणजे एकरी किलो. ओलावा मोजून १२ टक्क्यांवर आणा: वजन × (१०० − ओलावा) ÷ ८८. समजा १.९ किलो दाणे १६ टक्के ओलाव्याचे. ते होतात १.८१ किलो, म्हणजे एकरी सव्वाआठ क्विंटलच्या आत-बाहेर. ओलाव्याची दुरुस्ती न करता उशिरा येणाऱ्या वाणाला उगीच गुण मिळतात, ही नेहमीची चूक. प्रत्येक नमुन्यातले १०० दाणे तीनदा मोजून वजन लिहा.

पाचवी पायरी: चार आकड्यांचा अर्थ

उदाहरणादाखल तांबेऱ्याच्या वर्षी असे आकडे आले समजू. नेहमीचा वाण: बिनफवारणी ५.४ क्विंटल, फवारणीसह ७.९. प्रतिकारक वाण: बिनफवारणी ८.१, फवारणीसह ८.३.

नेहमीच्या वाणातला अडीच क्विंटलचा फरक ही रोगानं केलेली, पण फवारणीनं वाचवता येणारी घट. प्रतिकारक वाणातला फरक फक्त ०.२, म्हणजे फवारणीचं काम जनुकानंच केलं. त्या वाणावर पंप चालवणं पैसे पाण्यात. हा दुसरा फरक पुढच्या वर्षी एक-दीड क्विंटलवर गेला आणि ठिपक्यांवर भुकटी वाढली, तर समजा की बुरशीची नवी जात आली. तालुका कृषी अधिकारी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला पानं कागदी पाकिटात घालून दाखवा. प्लास्टिकमध्ये ती कुजतात आणि तपासणीला काहीच उरत नाही.

आता रोग नसलेलं वर्ष. समजा नेहमीचा ८.६ आणि प्रतिकारक ८.१. हा अर्धा क्विंटल म्हणजे विम्याचा हप्ता. पाच वर्षांत तांबेरा एकदाच आला तर? बिनफवारणी शेतात त्या एका वर्षी प्रतिकारक वाण २.७ क्विंटल वाचवतो, उरलेल्या चार वर्षांत मिळून २ क्विंटल गमावतो. तरीही ०.७ क्विंटल पुढेच. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर रोगाच्या वर्षी एकरी १४ हजारांहून अधिक वाचतात, आणि स्वच्छ वर्षी जातात २,६६४. रोग पाच वर्षांत एकदाही येत नसेल, तर हप्ता फुकट जातो. अशा शेतात, जो रोग खरंच येतो त्याला प्रतिकारक असलेला वाण शोधा. तुमचे आकडे वेगळे येतील, हिशेब हाच राहील.

बळी पडणारा वाण आणि वेळेवर फवारणी हाही एक मार्ग आहे, आणि वरच्या आकड्यांत तो ७.९ पर्यंत पोचतो. अडचण वेळेची. तांबेऱ्याचा पहिला फोड ते पानगळ यात बहुधा दोन-तीन आठवडे असतात, त्याच दिवसांत झडीचा पाऊस असतो, शेतात पाय ठेवता येत नाही, आणि गावात फवारणीला माणूस मिळत नाही. फुलोऱ्यानंतर दाणे भरायला लागल्यापासूनचे वीस-पंचवीस दिवस पान हिरवं राहिलं तर दाणा भरतो. जनुक त्या दिवसांत पावसातही काम करत असतं.

काय चुकतं

पेरणी दाट करणं ही सगळ्यात मोठी चूक. प्रतिकारक वाण महाग म्हणून कुणी बियाणं कमी टाकत नाही, उलट भीतीनं जास्त टाकतं. ओळी मिटल्या की आतली हवा दमट राहते, शेंगांवरचा करपा आणि हवाई करपा वाढतो, आणि या दोघांविरुद्ध तांबेऱ्याचं जनुक काहीही करत नाही. पसरणाऱ्या वाणाला त्याच्या शिफारशीतलं अंतर द्या. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर निचरा चांगला होऊन मूळकूज आणि मानकूज दोन्हींना अडथळा मिळतो.

दुसरी चूक नत्राची. उशिरा युरिया दिला की पालवी कोवळी राहते आणि पांढरी माशी तिथे गर्दी करते. मोझॅक-प्रतिकारक वाणावरही माशीचा चिकटा आणि काळी बुरशी चढतेच, कारण जनुक विषाणूला रोखतं, माशीला नाही. एकरी आठ-दहा पिवळे चिकट सापळे लावून माशी आली कधी ते बघा, आणि शेजारी मूग-उडीद असेल तर त्यावरचा पिवळा मोझॅक आधी तपासा. विषाणू बऱ्याचदा तिथूनच सोयाबीनमध्ये येतो.

तिसरी चूक चाचणीचीच. एका वर्षाच्या आकड्यावर वाण बदलणं. रोग हवामानावर येतो. एका स्वच्छ हंगामात जुना वाण जिंकला म्हणून नवा टाकून देऊ नका आणि एका रोगट हंगामात नवा जिंकला म्हणून सगळं शेत त्याखाली घालू नका. साडेआठ गुंठ्यांचे हेच चार पट्टे सलग तीन खरीप ठेवा, आणि प्रत्येक वर्षी वहीत पावसाच्या खंडाचे दिवस त्याच पानावर लिहा.